ट्रेंटच्या काठची आरोळी

किझाया मॉचा जीव महिन्यातून दोनदा टांगणीला लागायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला इंग्लंडातली ही ट्रेंट नदी उलटी चढे. समुद्राकडून पाण्याची भिंतच यायची. काठावरच्या गेन्सबरो गावातले लोक तिला ‘एगर’ म्हणत. जो आधी पाहील त्याने आरोळी ठोकायची, पुढच्याने ती पुढे द्यायची, आणि होडीवाल्यांनी होडीचं तोंड लाटेकडे करायचं. आडवी सापडली की होडी गेलीच म्हणून समजा.

आणि तिचा नवरा एनॉक ठार बहिरा! तीस वर्षं बॉयलरच्या कारखान्यात घण घालून कान गेले, पण कबूल करेल तर शपथ.

“बहिरा? मी? तूच तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस!”

काम सुटल्यापासून तो नदीत वाहून येणारी लाकडं गोळा करत हिंडे. थोरला मुलगा विल्फ्रेड कॅनडात होता. तिथल्या गावाचंही नाव गेन्सबरोच. ‘इथे नुसता गुडघाभर ओढा आहे, दोघं या,’ असं तो कळवायचा. किझायाचं मन केव्हाच तिकडे जाऊन बसलं होतं.

“नदी नाही ते कसलं डोंबलाचं गेन्सबरो!” म्हणे एनॉक.

त्या दुपारी वळणापलीकडून आरोळी आली तेव्हा किझाया धक्क्यावर होती. एनॉक भर पात्रात, होडीत, लाटेकडे पाठ करून, आकडीने फळी ओढत होता. होडी आडवी.

“एनॉक! एगर आली, एगर!” अख्खा धक्का ओरडला. तिने एप्रन सोडून गरागरा फिरवला. त्याने वर पाहिलं आणि हसून टोपी हलवली.

“अरे मेल्या, मागे बघ!” ती किंचाळली.

छे! तो टोपीच हलवत राहिला. एगर येत होती त्याच बाजूला ती काठाने धावत सुटली, आणि होड्या बांधायची साखळी धरून सरळ पाण्यात उतरली. छातीपर्यंत.

बायकोला पाण्यात पाहून एनॉकने आकडी टाकली आणि होडी तिच्याकडे, म्हणजे लाटेच्याच दिशेला, वळवली. होडीचं तोंड फिरतं न फिरतं तोच लाट आली. होडीचं पुढचं टोक आभाळाला लागलं, धाडकन खाली आदळलं. किझायाच्या डोक्यावरून पाणी गेलं. साखळी मात्र तिने सोडली नाही.

त्याने तिला दंडाला धरून होडीत ओढलं.

“वेड लागलंय का तुला? हाक मारायची ना!”

दातावर दात आपटत तिने धक्क्याकडे बोट दाखवलं. एनॉकने तिकडे पाहिलं. ओरडून ओरडून लाल झालेली माणसं तिथे उभी होती. कोणीही हसत नव्हतं.

“...मारली होतीस?”

तिने होकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, “विल्फ्रेडला कळव. येतो म्हणावं.”

त्याला वाटलं आपण हळूच बोललो. ते अख्ख्या धक्क्याला ऐकू गेलं.