जजसाहेबांचा आवाज

देवाने त्याला चेहरा देताना हात सैल सोडला आणि आवाज देताना मात्र आखडता घेतला. रुंद कपाळ, दाट भुवया, भरघोस मिशा. नुसता खुर्चीत बसला तरी समोरच्याला काहीतरी कबूल करून टाकावंसं वाटे. पण तोंड उघडलं की तेल न घातलेली बिजागरी कुरकुरायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

सिनेमावाल्यांचं त्यामुळे काही अडलं नाही. त्यांनी त्याला काळा झगा चढवला, हातात लाकडी हातोडा दिला आणि आयुष्यभरासाठी न्यायाधीश करून टाकलं. स्टुडिओतल्या चहावाल्यापासून सगळे त्याला ‘जजसाहेब’ म्हणत. तो अगदी जीव ओतून निकाल सुनावायचा. मग डबिंगच्या खोलीत एक किडकिडीत गृहस्थ येऊन त्या हलणाऱ्या ओठांवर आपला भारदस्त आवाज चढवून जायचा. म्हणजे चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा आणि जन्मठेप तिसऱ्यालाच. त्याला याचं फारसं वाईट वाटत नसे. पोट भरत होतं.

वाईट वाटू लागलं ते आईची दृष्टी गेल्यावर. शेजारीपाजारी कौतुकाने म्हणत, "आजी, तुमचा मुलगा काय दिसतो हो सिनेमात!"

"दिसत असेल," ती म्हणायची. "मला कुठे ऐकू येतो?"

हे त्याच्या काळजाला लागलं. आई दिवसेंदिवस थकत चालली होती. ती आहे तोवर एक तरी वाक्य आपल्या गळ्यातून जावं म्हणून तो दिग्दर्शकाच्या हातापाया पडला. दिग्दर्शकाने आईच्या मायेवर बरेच सिनेमे चालवले होते, त्यामुळे त्याला नाही म्हणायची चोरी झाली.

पहिल्याच खेळाला तो आईला घेऊन गेला. पडद्यावर नायक पिंजऱ्यात उभा, नायिकेने हुंदका आवरलेला, आणि बिजागरी कुरकुरली, "आरोपीला जन्मठेपेची शिक्षा देण्यात येत आहे."

अख्खं थिएटर खो खो हसलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आईने मात्र त्याचा हात गच्च धरला.

"हा माझा!" ती म्हणाली. "पण लोक का रे हसले?"

"विनोदी सिनेमा आहे, आई."

"मग छानच काम केलंस. परत आणशील मला?"

निर्माता मात्र हसला नव्हता; त्याने ते वाक्य बदलायचा हुकूम सोडला. इकडे आज नेतो, उद्या नेतो करत मुलाने आईला टोलवलं, तेवढ्यात तो किडकिडीत गृहस्थ येऊन वाक्य दुरुस्त करून गेलासुद्धा. आईला खरं सांगायचं धाडस त्याला होईना. भल्याभल्यांना फासावर चढवणारा हा माणूस, घरी आईपुढे कायम आरोपीच.

शेवटी तिने हट्टच धरला, तेव्हा दोघं गेली. निकालाची वेळ जवळ आली. पडद्यावर हातोडा आपटला. तो आईच्या कानाशी वाकला आणि त्या भारदस्त आवाजावर आपला आवाज चढवून म्हणू लागला, "आरोपीला जन्मठेपेची..."

"ओ काका!" मागच्या रांगेतून कोणीतरी खेकसलं. "गप्प बसा की! जजसाहेब काय म्हणतायत ते ऐकू द्या!"

आईने मान मागे वळवली.

"मग तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "तोच बोलतोय."