बारह सत्ते आणि डच शब्द

जिजाजी आता हॉलंडचे नागरिक. लग्न झाल्यावर पंधरा दिवसांत ते परत गेले आणि ताई माहेरी, राजपुऱ्यातच राहिली. तिकडच्या सरकारची अट आहे, आधी डच बोलायची परीक्षा पास करा, मगच नवऱ्याकडे या. ताई एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर सासरचे काय बोलतील ते घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

मी घरचा नकलाकार. हेडसर, भाजीवाली, बँकेतला कॅशियर, कुणाचाही आवाज काढतो. म्हणून शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डच मला कुठे येतं? पण मोबाईलवरच्या धड्यातल्या डच बाईंची नक्कल मी अशी करायचो की जिजाजी फोनवर विचारायचे, घरात कोण बाई आलीय?

अडचण लांब शब्दांची. हे लोक दोन-तीन शब्द एकमेकांना चिकटवतात आणि मधे श्वास घ्यायलाही जागा ठेवत नाहीत. राहायच्या परवान्याला म्हणतात फरब्लैफ्सफरखुनिंग. ताई म्हणाली, "यात खून पण आहे?" आणि वही बंद केली. मी तुकडे पाडले. फर, ब्लैफ्स, फर, खु, निंग. मग आमच्या हिंदी शाळेत पहाडे, म्हणजे पाढे, म्हणायचो ना, त्या चालीवर बसवले, टाळ्या वाजवत, हेडसरांच्या आवाजात. आठवड्यात ताईने असे तीस शब्द गाऊन दाखवले. मी स्वतःवर जाम खुश.

परीक्षेसाठी दिल्लीला निघायच्या तीन दिवस आधी, दुपारी, जिजाजींनी व्हिडिओ कॉलवर सराव परीक्षा घेतली. कॉम्प्युटर प्रश्न विचारतो, काही सेकंद थांबतो आणि पुढे जातो, तसंच. पहिला प्रश्न, ऑफिसात काय आणायला गेली होतीस?  ताईने मांडीवर हळूच टाळी मारली आणि यादीतल्या पहिल्या शब्दापासून सुरू झाली. उत्तर होतं राहायचा परवाना, आणि तो यादीत सातवा होता. तिसऱ्यावर पोचली तोवर वेळ संपली. दुसऱ्या प्रश्नालाही तेच. ताई फोन पालथा ठेवून आत गेली.

 हे मीच केलं होतं. आमच्या वर्गात कुणालाही बारह सत्ते, म्हणजे बारा साते, विचारा, तो बारह एकमपासून गाडी काढायचा. मधल्या स्टेशनवर चढताच यायचं नाही.

पप्पा जसोंडीहून, केळीच्या शेतातून आले. सगळं ऐकून हातपाय धुता धुता एवढंच म्हणाले, "पूर्ण घड काय कोणी डोक्यावर घेऊन फिरतं? फण्या कर. जी मागितली ती हातात आली पाहिजे."

मग चाल बंद, टाळी बंद, हेडसर बंद. शब्दांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. ताई पोळ्या लाटतेय, वेणी घालतेय, मी कोणतीही चिठ्ठी काढून विचारायचो. अडली की शेवटची फणी आधी. निंग. खुनिंग. फरखुनिंग. हे सगळं माझ्याच आवाजात, आणि तो मलाच अनोळखी वाटत होता. ट्रेनमध्येही डबा मांडीवर होता. तीसपैकी सहा शब्द अजून अडत होते.

दिल्लीत वकिलातीच्या गेटबाहेरच मला थांबवलं. मी तीन चहा प्यायलो, त्यातला एकही आठवत नाही. ताई बाहेर आली. बाटलीतलं पाणी संपवलं. मी विचारायची हिंमत करत होतो तेवढ्यात तीच म्हणाली, "बारह सत्ते?"

"बारह एकम बारह, बारह दूनी..."

ताई फुटपाथवरच बसून हसायला लागली. हसू थांबल्यावर म्हणाली, एकही प्रश्न सोडला नाही.