शेजाऱ्यांची भिकबाळी

मामांनी लांज्याला दुकान काढलं तेव्हा बाबा त्यांच्या कर्जाला जामीन राहिले. पुढे मामा मुंबईत दिसेनासे झाले आणि सावकाराने आमच्या घरावर जप्ती आणली. मी तेव्हा रत्नागिरीतच शाळेत इतिहास शिकवत होतो. कोणतं राज्य कशाने बुडालं ते मला तोंडपाठ होतं. घर वाचवायला त्याचा काही उपयोग नव्हता.

लिलाव दुपारी तीनला, आमच्याच अंगणात. वकिलांनी एक वाट दाखवली. कर्ज फेडायची ऐपत उरली नाही, असा नादारीचा अर्ज बाबांनी जिल्हा कोर्टात करायचा. लिलावाआधी तो दाखल झाला, तर घराची विक्री थांबते. "मात्र असेल नसेल त्याची यादी शपथेवर द्यायची. एक तांब्या लपवलात तरी अर्ज गेला समजा."

यादी मी लिहिली. ती एका पानात संपली.

लिलावाच्या दिवशी सकाळी बाबा बाहेर आले ते पगडी, जरीकाठी उपरणं आणि कानात टपोऱ्या मोत्यांची भिकबाळी घालून. आमची भिकबाळी कधीच विकली होती. कानाला भोक तेवढं उरलं होतं.

"ही कुठली?"

"शेजाऱ्यांची. संध्याकाळी परत द्यायचीय."

"बाबा, आपण नादारीला चाललोय, मुंजीला नव्हे."

"म्हणून काय उघड्या कानाने कोर्टात जाऊ?"

मी वाद सोडून दिला, आणि त्याचा पश्चात्ताप मला अकरा वाजता कोर्टात झाला.

सावकाराच्या वकिलाने यादी सावकाश वाचली. पितळी भांडी, पाटा-वरवंटा, दोन खाटा. मग चष्म्यावरून बाबांकडे पाहत तो म्हणाला, "आणि कानातले मोती? ते कुठल्या ओळीत आहेत?"

बाबांनी उपरणं सारखं केलं. जज्जसाहेबांनी विचारलं, तेव्हा पगडी. आपण नादार आहोत हे त्यांनी शपथेवर सांगितलं होतं, पण मोती मागून आणलेत हे चार लोकांत सांगणं त्यांना जमत नव्हतं. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि एवढ्याशा मोत्यांपायी आमचं छप्पर चाललं होतं. उठून ओरडावंसं वाटलं, पण शपथ बाबांची होती.

"मागून आणलीय," शेवटी बाबा म्हणाले. तिसऱ्या बाकापर्यंतही ऐकू गेलं नसेल.

"कोणाकडून?"

"माझी हो ती, साहेब!" मागून शेजारी उभे राहिले. आपल्या मोत्यांवर नजर ठेवायला ते सकाळपासून तिथे बसले होते. "सासऱ्यांनी दिलेली. ह्यांचं काय तें होवो, पण तेवढी यादीत घालू नका!"

कोर्ट हसलं. जज्जसाहेबही हसले, आणि अर्ज दाखल झाला.

हुकुमाची नक्कल हातात पडली तेव्हा अडीच वाजले होते. बाबांनी पायरीवरच भिकबाळी काढून शेजाऱ्यांच्या हातात ठेवली आणि उघड्या कानावर हात धरला. मी धावत सुटलो. अंगणात बेलिफ होता, दवंडीवाला होता, आणि आमच्या ओटीची लांबी पावलांनी मोजणारा एक गृहस्थ होता. बेलिफाने कागद दोनदा वाचला आणि दवंडीवाल्याला म्हणाला, "चल रे."

घर वाचलं असं म्हणणं कायद्याला धरून नव्हतं. ते आता कोर्टाच्या रिसीव्हरच्या ताब्यात होतं, आणि तो पुढे काय करणार हे वकिलांनाही सांगता येत नव्हतं. पण त्या संध्याकाळी आईने ओटीवर दिवा लावला. बाबा बऱ्याच उशिराने, मागच्या दाराने आत आले. कानावर हात तसाच होता.