दुकानदाराच्या जाहिरातीतलं माझं हसू

अमरावतीत मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते, त्या काकूंनी मला सांभाळलं. हे आधी सांगते, मग झालेलं सांगते. काकूंचा शहराबाहेर भाजीचा मळा आहे. मेथी, पालक, सांभार आणि कडेला झेंडू. कोथिंबिरीला इकडे सांभार म्हणतात. मी बाजारात पहिल्यांदा कोथिंबीर मागितली तेव्हा हसल्या होत्या त्या. आज मी या शहरात आहे ती त्यांच्यामुळे.

माझं गाव तळकोकणात. नववीत शाळा सुटली. मावसबहिणीने इथल्या मोबाइलच्या दुकानात कामाला लावून दिलं. पुढे दुकान बंद पडलं, बहीण नवऱ्याबरोबर सुरतेला गेली आणि मी मागे राहिले. परत जायला घर आहे, पण त्या घरात भावाचा संसार आहे. मी परतले तर कुणी हाकलणार नाही, पण ताट वाढताना वहिनीचा हात थांबेल. परत न जायला मला तेवढं पुरतं. म्हणून काम सुटेल की काय ही भीती मला कायम असते.

मग एका रेकॉर्डिंगवाल्या सरांना माझा आवाज पसंत पडला. ऑटोवर भोंगा लावून गल्लोगल्ली जाहिराती फिरतात ना, त्या मी वाचायचे. साड्यांचा सेल, बियाणं, शिकवणी वर्ग, एकदा तर हरवलेली म्हैस. हातात कागद आला की वाचायचा. कागद कुणी लिहिला हे आम्ही कधी विचारत नसू.

अकोल्याच्या एका दुकानाची कपडे धुण्याच्या मशीनची जाहिरात आली तीही अशीच वाचली. “बायको कुरकुर करते, आमची मशीन करत नाही! बायकोला राहू द्या माहेरी, मशीन आणा घरी!” शेवटी हसायचं होतं. माझं हसू काही जमेना. सर म्हणाले, “अवं लाजून हास. नव्या सुनेसारखी.” मी हसले. ते त्यांनी जाहिरातीला जोडलं आणि मी घरी येऊन भात टाकला. अकोला कुठे, मी कुठे.

अकोल्यात बायकांनी तो ऑटो अडवला. बोलण्यापेक्षा त्यांना हसण्याचाच राग आला होता म्हणे. त्याचा व्हिडिओ निघाला, फिरत फिरत भाजीवाल्यांच्या ग्रुपवर आला आणि तिथून काकूंच्या फोनमध्ये. माझी खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर यांत एकच भिंत. मी रोज मोठ्याने वाचायचा सराव करते, तो त्यांना पाठ झालेला. फोन हातात धरून त्या दारात उभ्या राहिल्या.

“हा तुहा आवाज व्हय काय व?”

मी मान हलवली. मनात म्हटलं, खोली गेली.

“खराबच बोलली पोरी,” त्या म्हणाल्या. मग फोन खाली ठेवून, “चहा पेली काय?”

त्याच संध्याकाळी सरांचा फोन. दुकानदार सगळीकडे सांगत सुटला होता की बोलणारी बाईच आहे, मग बायकांचा अपमान कसा होईल? आता त्याला ती बाई दाखवायची होती. “उद्या अकोल्याले जाय. ‘मले यात काही वाईट वाटत नाही’, एवढंच क्यामेऱ्यासमोर बोलजो. नाही गेली तं इकडे येऊच नको.”

म्हणजे तोंड दाखवायचं. तो व्हिडिओ गावी पोचायला किती वेळ लागणार? आणि नाही गेले तर काम जाणार, काम गेलं की खोली, खोली गेली की कोकणची गाडी. मी काकूंना सगळं सांगितलं आणि रडले. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. “मी येतो संगं,” एवढंच म्हणाल्या. सकाळी भाजीची टोपली शेजारणीजवळ ठेवली आणि माझ्याबरोबर एसटीत बसल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या झोपल्या होत्या. मी खिडकीतून काळी शेतं बघत होते आणि ते एक वाक्य घोकत होते.

दुकानाच्या पायऱ्यांवर बायका बसलेल्या. आत कुणीतरी फोन स्टँडवर लावून तयार. दुकानदाराने मला पुढे ओढून घेतलं. “या ताई! आता सांगा यांना. तुम्ही बाई आहे की नाही?”

“दिसून नाही राह्यलं काय भाऊ?” काकू मागून म्हणाल्या. पायरीवरच्या दोघी-तिघी हसल्या.

“तेच तं म्हणतो मावशी! बाईनंच म्हटलं ना?”

“मंग घरच्याच बाईच्या आवाजात काहून नाही भरलं?”

“माझी बायको असं काहून बोलंन?” तो चटकन बोलून गेला. नंतर त्याने इकडेतिकडे बघितलं, पण फोन चालू होता.

पायरीवरची एक बाई उठली. तिचा राग माझ्यावरच होता. “अन् तू व? तू कशी हासली तसं?”

घोकलेलं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते बोलले असते तर काम राहिलं असतं. पण तिच्या तोंडाकडे बघून ते काही निघेना. “हस म्हणाले म्हणून हसले,” मी म्हणाले. “मला तेव्हाही हसू येत नव्हतं.”

ती परत पायरीवर बसली. काकूंनी माझा हात धरला. “चाल. गाडी भेटनार नाही मंग.”

जाहिरात बंद झाली. दुकानदाराने माफीची दुसरी जाहिरात फिरवली, ती एका पुरुषाच्या आवाजात. सरांनी मला पुन्हा बोलावलं नाही. परवा इथेच चौकात दुसऱ्या कुठल्या दुकानाचा ऑटो गेला. त्याच्या जाहिरातीत सासू होती, सून होती आणि शेवटी कुणीतरी तसंच हसलं. कोण असेल ती, कुठे राहत असेल, तिच्या भिंतीपलीकडे कोण असेल. लोक भाजी घेत होते. कुणी मान वर केली नाही. मीही ऑटो अडवला नाही. थकले आहे, खरं सांगायचं तर.

खोली मात्र राहिली. “सोडाची नाही,” काकूंनी एकदाच बजावलं. “पहाटे जुड्या बांधू लागजो.” आता मी मेथीच्या जुड्या बांधते, कधी लग्नाच्या हॉलमध्ये माइकवर बोलायला जाते. भीती गेलेली नाही. पण अकोल्याहून परतताना बसमध्ये त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या, तेव्हापासून ती थोडी कमी झाली आहे.

काकूंनी अजून समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस त्यांना माझ्या गावी नेणार आहे. परत पाठवलेली मुलगी म्हणून मी जाणार नाही, त्यांना घेऊन जाणार. तिथे त्यांनी एकही जुडी बांधायची नाही, उठून पाणीसुद्धा घ्यायचं नाही. त्यांचं ताट मी वाढणार, आणि हात न थांबवता वाढणार. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण करणार आहे.