मागच्या बाकावरची मंडळी

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत पुढच्या बाकावर आपणहून कधी कुणी बसलं नाही. मानाची जागा घेऊ नये ही शिकवण आमच्या लोकांनी इतकी मनावर घेतली होती, की मागच्या बाकांसाठी चढाओढ लागायची. माझे वडील त्यात पटाईत. उशिरा येणाऱ्या बिचाऱ्यांना नाइलाजानं पुढे बसावं लागे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोएडात नवे सेक्टर वसत होते आणि तिथल्या एका नव्या चर्चनं आपला हॉल आम्हाला महिन्यातून एका रविवारी मराठी उपासनेसाठी दिला होता. आम्ही दिल्लीतल्या आर. के. पुरमहून बस बदलत जायचो. बाकीच्यांकडे मारुत्या आल्या होत्या. बाहेर गाड्या लावताना हीच मंडळी प्लॉट, पगार आणि नव्या कंपनीतली खुर्ची यांवर भरभरून बोलायची. आत शिरली की सगळे धूळ आणि राख. प्रार्थना करा म्हटलं, "मी अपात्र." वचन वाचा, अपात्र. अहो, जाताना पंखे बंद करा म्हटलं तरी अपात्र! ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

आईचा जीव मात्र त्या एका रविवारात होता. हिंदी उपासनेत ती तोंड मिटून बसायची. "देवाला कळतं गं हिंदी, मलाच त्यात रडू येत नाही," म्हणायची.

एकदा आम्ही निघून गेल्यावर हॉलचा नळ वाहत राहिला. टाकी रिकामी झाली, सतरंज्या भिजल्या. पुढच्या खेपेला उपासना संपताच त्या चर्चचे पाळक किल्ली घेऊन समोर उभे राहिले.

"नल किसने खुला छोड़ा, मैं नहीं पूछ रहा," ते म्हणाले. "पर अब चाबी आप में से कोई एक रखे. खोलना, सफ़ाई, बंद करना, सब उसकी ज़िम्मेदारी. नहीं तो हम हॉल नहीं दे पाएँगे."

माना खाली गेल्या. "आपण सगळेच दोषी आहोत," एकजण गहिवरून म्हणाला. लगेच सगळ्यांनाच गहिवरून आलं. नळ कुणी उघडा टाकला, ते मात्र कुणी सांगेना. कुणीतरी वडिलांचं नाव सुचवलं, तसे त्यांनी हात जोडले. "माझी काय योग्यता! प्रभू योग्य माणूस उभा करील."

त्यांना धरून गदागदा हलवावं, असं मला वाटलं. पाळकांनी किल्ली परत खिशात टाकली. आईचा चेहरा पांढरा पडला होता.

मग ती उठली, मागच्या बाकावरून थेट पुढे गेली आणि तिनं हात पसरला. "लायक तो मैं भी नहीं, पाळकसाहेब. पर ताला खोलने को आता है."

परतीच्या बसमध्ये वडील फुगून बसले होते. "मला विचारायचं तरी," ते शेवटी म्हणाले.

"विचारलं की. सगळ्यांसमोर विचारलं," आई म्हणाली.

पुढच्या महिन्यात आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. आईनं कुलूप काढलं. वडील सवयीनं शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि डोळे मिटून प्रार्थनेला लागले. आईनं कोपऱ्यातला झाडू आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"अहो, उठा," ती म्हणाली. "पुढच्या बाकापासून सुरुवात करा."