युरेनियम शोधणारे काका

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज सकाळी भेटणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांची सगळी नोकरी युरेनियम शोधण्यात झाली होती. एकदा त्यांनी ओंजळ उपडी करून दाखवलं, "आत फिल्मचा तुकडा लावून कप असे मातीत पुरायचे. खाली खोल युरेनियम असेल तर त्यातून निघालेला रेडॉन वायू वर येतो आणि फिल्मवर खुणा उमटवतो. तीन आठवड्यांनी कप उकरून त्या मोजायच्या."

"म्हणजे न खणता पोटातलं कळतं?"

"कळत नाही हो. संशय घेता येतो," म्हणत त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

एके दिवशी ते पार्कची फेरी न मारता कट्ट्यावरच बसून राहिले.

"बायको चार दिवस बोलत नाहीये," ते म्हणाले. "माझं निरीक्षण चालू आहे. भांडी आपटते, पण चहात साखर बरोबर घालते."

"काकूंना विचारलंत का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "सरळ?"

दुसऱ्या दिवशी काकूही सोबत आल्या. मला म्हणाल्या, "लग्नानंतर काल पहिल्यांदा यांनी विचारलं, काय झालं म्हणून. आता सगळं सांगायला पाच फेऱ्या तरी लागतील."

काका निमूटपणे त्यांच्या शेजारून चालू लागले.