संगणकाला वळण लावणारी आपा

आपाला ‘सापडत नाही’ हे उत्तर चालायचं नाही, मग ते माणसानं दिलेलं असो की संगणकानं. "कुठं कुठं बघितलं, ते सांग आधी," एवढंच विचारायची. समोरचा परत शोधायला लागायचा.

ती कासारवाडीच्या एका मेकॅनिकची मुलगी. चिखलीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचा संगणक तिच्या ताब्यात असे. वयानं माझ्या लेकीएवढी, पण कामगार आपा, म्हणजे ताई, म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागलो. मला ती चाचा म्हणायची आणि रोज भांडायची.

भांडण नावांवरून. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. कंपनीचे लांबलचक पार्ट नंबर माझ्या जिभेवर बसत नाहीत. आमच्याकडे पार्ट दिसतो तसं त्याचं नाव: हत्तीचा कान, बोकडाचं शिंग, मोडकी चप्पल. ड्रॉइंगची फाइलही त्याच नावानं ठेवायची, हा माझा हुकूम. "चाचा, कंपनीवाले हत्ती मागणार नाहीत, नंबर मागतील," ती म्हणायची. मी म्हणायचो, वर्कशॉप माझं आहे.

झालं तसंच. चाकणच्या कंपनीचे साहेब एका जुन्या पार्टचा नुसता नंबर घेऊन आले. ड्रॉइंग आत्ता दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो म्हणाले. ते आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, राव. ते गेलं तर निम्मी मशिनं बंद. नंबर टाकला, तर संगणक म्हणतो काही नाही. साहेब उठायला लागले.

आपानं त्यांच्यापुढं चहा सरकवला. "बसा साहेब, यानं अजून सगळं घर बघितलेलंच नाही." मग मला दाखवत दाखवत तिनं सर्चच्या सेटिंग उघडल्या. हा मुळातच आळशी आहे, म्हणाली. फाइलचं नाव तेवढं वाचतो, आत काय लिहिलंय ते बघत नाही, आणि जुनी कामं ठेवलेल्या डी ड्राइव्हकडे तर फिरकतही नाही. तिनं दोन्हीकडे शोधायची खूण केली, परत नंबर टाकला. पट्टी सरकत राहिली, आणि आला की हत्तीचा कान! नंबर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलेला होता.

साहेब नाव वाचून हसले, ऑर्डर देऊन गेले. मला वाटलं, आता ही नावं बदलायला लावणार. तर म्हणाली, "तुम्ही काय बदलायचे नाही. संगणक तरी ऐकतो."

पुढं तिला मोठी नोकरी लागली, रावेतला राहायला गेली. मध्यंतरी वर्कशॉपमध्ये नवा संगणक आला, तोही तसाच आळशी. कामगार म्हणाले, आपाला फोन लावू. मी लावू दिला नाही. चष्मा चढवला, एकेक अक्षर लावत वाचलं, खुणा केल्या, नंबर टाकला. बोकडाचं शिंग समोर हजर.

मग मी फोन लावला. मदतीला नाही, सांगायला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "चाचा, फोन स्पीकरवर टाका, सगळ्यांना ऐकू दे."

तो पहिल्यापासून स्पीकरवरच होता.